राखाडी म्हणून निवडलेला रंग भिंतीवर जांभळट दिसतो. या वेळी न्यूट्रल छटा कशी निवडावी?

उंबरठा

नमस्कार. घराच्या आतल्या भिंतींना पुन्हा रंग द्यायचा आहे आणि या वेळी घाईने निर्णय घ्यायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. बैठकीची खोली, झोपण्याच्या दोन खोल्या आणि त्यांना जोडणारा एक लांबट पॅसेज, एवढ्यापुरता प्रश्न आहे. भडक रंग आम्हा दोघांनाही नकोत. ऑफ व्हाइट, फिकट राखाडी, बदामी, मातकट पांढरा अशा ज्या छटांना सगळे सरसकट न्यूट्रल म्हणतात, त्यांतूनच निवड करायची आहे.

मागच्या वेळी मी बैठकीसाठी शेड कार्डावरून एक फिकट राखाडी रंग निवडला होता. कार्डावर तो कोणत्याही रंगाकडे न झुकणारा, अगदी साधा वाटत होता. भिंतीवर लागल्यावर मात्र भर दुपारी तो बरा दिसतो आणि ढगाळ दिवशी किंवा तिन्हीसांजेला चारही भिंती स्पष्ट जांभळट दिसतात. मिश्रण करताना चूक झाली असेल अशी शंका आली, म्हणून कार्डावरचा तो तुकडा कापून मी भिंतीला चिकटवून पाहिला. तो तंतोतंत जुळला, आणि भिंतीवर गेल्याबरोबर तो तुकडाही जांभळट दिसू लागला. म्हणजे दोष रंग बनवून देणाऱ्याचा नाही, हे नक्की झाले.

खोलीची माहिती अशी : बैठकीला उत्तरेकडे एकच मोठी खिडकी आहे. फरशी दगडी असून पिवळसर झाकेची आहे आणि ती बदलायची नाही. दारे आणि चौकटी लालसर तपकिरी पॉलिशच्या आहेत. एका झोपण्याच्या खोलीत पूर्वेचे ऊन येते, दुसरीत पश्चिमेचे, आणि पॅसेजला खिडकीच नाही.

हा जांभळेपणा आला कुठून, हे मला आधी समजून घ्यायचे आहे, कारण ते न समजता दुसरा रंग निवडला तर पुन्हा तीच फसगत होईल. शिवाय सगळ्या घराला एकच रंग द्यावा की खोलीगणिक वेगळा, आणि मॅट घ्यावा की थोडी चकाकी असलेला, याबद्दलही ज्यांनी स्वतः हे केले आहे त्यांचे मत ऐकायला आवडेल.

कवडसा

आपण कार्डाचा तुकडा भिंतीला लावून पाहिलात हे फार चांगले केलेत, कारण उत्तराचा मोठा भाग त्या एका कृतीतच आहे. तोच तुकडा हातात असताना राखाडी आणि भिंतीवर असताना जांभळट दिसतो, याचा अर्थ रंग बदललेला नाही, त्याचा शेजार आणि त्याच्यावर पडणारा उजेड बदलला आहे.

पहिली गोष्ट रंगाच्या घडणीची. पांढऱ्या रंगात काजळीसारखे बारीक काळे रंगद्रव्य मिसळले की तयार होणारी राखाडी छटा बहुधा निळसर असते. ती उबदार करायची असेल तर तिच्यात पिवडी, अंबर नावाची तपकिरी माती किंवा लाल ऑक्साइड यांचा थोडा अंश घालावा लागतो. रंगांना अक्षरे आणि आकडे देणाऱ्या मन्सेल यांच्या रंगपद्धतीत ज्याला कोणत्याही रंगाकडे कल नाही अशा राखाडीसाठी वेगळे अक्षर राखून ठेवलेले आहे, पण भिंतीसाठी विकले जाणारे बहुतेक राखाडी त्या अक्षरात बसत नाहीत. प्रत्येकात आतून कुठलीतरी झाक असते : निळी, हिरवी, जांभळी, गुलाबी किंवा पिवळी. पांढऱ्या आणि बदामी छटांचेही तसेच आहे. न्यूट्रल रंग निवडणे म्हणजे रंग टाळणे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात आपण ही आतली झाक निवडत असतो, आणि ती डोळ्यांआड असल्यामुळे न बघताच निवडतो.

दुसरी गोष्ट शेजाराची, आणि माझ्या मते आपल्या बैठकीत तीच मुख्य आहे. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरूल यांच्याकडे काळ्या धाग्यांचा रंग निस्तेज पडतो, अशी तक्रार आली होती. त्यांनी धागे तपासले आणि काळा रंग नीट चढलेला आहे, असे त्यांना आढळले. तो काळा निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता, आणि त्या शेजारामुळे डोळ्याला फिका वाटत होता. या निरीक्षणावरून त्यांनी १८३९ मध्ये जो नियम मांडला, त्याचा आशय असा की एखादा रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरोधी रंगाकडे ढकलतो. पिवळ्याचा विरोधी रंग निळसर जांभळा. आपली फरशी पिवळसर, तीही खोलीभर पसरलेली, आणि तिच्यावर उभी असलेली भिंत आधीच थोड्या निळ्या झाकेची. फरशीने तिला आणखी जांभळ्याकडे ढकलले.

आता झाक ओळखायची कशी, ते सांगतो. एकच तुकडा सुटा पाहून ती कधीच कळत नाही. छपाईचा स्वच्छ पांढरा कागद घ्या आणि त्यावर पाच-सहा फिकट राखाडी आणि बदामी तुकडे एकमेकांना खेटून ठेवा. एकटा असताना निव्वळ राखाडी वाटणारा तुकडा लगेच हिरवट किंवा गुलाबीसर दिसू लागेल. दुसरी युक्ती अशी, की कार्डाच्या ज्या पट्टीवर आपली फिकट छटा आहे, त्या पट्टीच्या तळाशी असलेली सर्वांत गडद छटा पाहावी. एकाच पट्टीवरच्या छटा बहुधा एकाच कुळातल्या असतात, आणि फिकट तुकड्यात दबून राहिलेली झाक गडद तुकड्यात उघड होते. आपला मागचा रंग ज्या पट्टीवर होता तिचा तळ आज पाहिलात, तर तिथे निळसर जांभळा स्लेटी रंग सापडेल, असा माझा अंदाज आहे.

निवडीची सुरुवात कार्डापासून करू नये, जे बदलणार नाही त्यापासून करावी. आपल्याकडे ते म्हणजे फरशी आणि चौकटी. माझा सल्ला असा, की फरशीच्याच कुळातली, पण तिच्यापेक्षा पुष्कळ सौम्य झाक असलेला उबदार राखाडी किंवा राखाडी आणि बदामी यांच्या मधला रंग पाहावा. भिंतीतच पिवळ्याचा अंश असला, तर फरशी तिला जांभळ्याकडे ओढू लागली तरी ती फार तर साध्या राखाडीपर्यंत येईल. गुलाबी झाकेचे बदामी रंग मात्र या फरशीसाठी मी मुळीच पाहणार नाही. पिवळ्याजवळ ते मळके वाटतात. हिरव्या झाकेच्या बाबतीतही जपून असावे, कारण लालसर चौकटीच्या बाजूला थोडासा हिरवटपणाही ठळक होतो.

वात

कवडसा यांनी शेजाराबद्दल लिहिले ते पटले. उजेडाचा भाग त्यांनी मोकळा ठेवला आहे, त्यावर लिहिते. प्रकाशयोजनेचे काम करत असल्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या पाहण्यातला आहे.

आपण उत्तर गोलार्धात राहता असे धरून सांगते. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही, आकाशातून विखुरलेला उजेड येतो आणि तो निळसर असतो. दुपारच्या उन्हाचे रंगतापमान साधारण ५५०० केल्विन धरतात, तर निरभ्र निळ्या आकाशाच्या उजेडाचे १०,००० केल्विनच्याही वर जाऊ शकते. आकडा जितका मोठा, तितका उजेड निळा. निळी झाक असलेल्या भिंतीवर निळा उजेड पडला, तर ती झाक वाढणारच. दिव्यांशिवाय संधिप्रकाशात तर आणखी एक गोष्ट घडते. उजेड मंदावला की डोळ्याची संवेदना निळ्याकडे सरकते, लाल आणि पिवळे रंग आधी काळवंडतात आणि निळसर रंग त्या मानाने उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवले होते. आपल्या भिंती तिन्हीसांजेला सर्वांत जांभळ्या दिसतात, त्यामागे हेही कारण असावे.

पूर्वेच्या खोलीत सकाळी पिवळा आणि दुपारनंतर निळसर उजेड असतो, पश्चिमेच्या खोलीत याच्या उलट, आणि मावळतीला तर तो नारिंगी होतो. म्हणून ती खोली आपण कोणत्या वेळी सर्वाधिक वापरता, हे ठरवून त्या वेळच्या उजेडात रंग पाहावा. झोपण्याची खोली बहुतेकांच्या वापरात रात्री दिव्याच्या उजेडात असते आणि रंग मात्र लोक सुट्टीच्या दिवशी दुपारी निवडतात.

यावरून माझा मुख्य आग्रह सांगते : आधी दिवे ठरवा, मग रंग. पिवळसर उजेडाचे एलईडी दिवे २७०० ते ३००० केल्विनचे असतात, मधले ४००० चे आणि पांढरेशुभ्र ६५०० चे. २७०० च्या दिव्याखाली जो ऑफ व्हाइट सायीसारखा दिसतो, तोच ६५०० च्या दिव्याखाली कोरडा आणि थंड वाटतो. एकाच खोलीत दोन्ही प्रकारचे दिवे असतील, तर एक भिंत पिवळी आणि दुसरी निळी, असे चित्र दिसते आणि त्याचे खापर मात्र रंगावर फुटते. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय म्हणून एक आकडा असतो. दिवा रंग किती यथार्थ दाखवतो, ते त्यावरून कळते. जुन्या तारेच्या बल्बसाठी तो १०० च्या जवळ असतो, साध्या एलईडीसाठी ८० च्या आसपास. सौम्य छटांच्या घरात मी ९० च्या खाली जात नाही, कारण ज्या छटांमधला फरकच बारीक आहे, त्यांचा तो फरक हलका दिवा पुसून टाकतो.

एक सूचना पडद्यांबाबत. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेल्या दोन वस्तू एका उजेडात हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या उजेडात जुळत नाहीत, याला मेटामेरिझम म्हणतात. भिंतीला अगदी जुळणारा पडदा हवा, असा हट्ट त्यामुळे दिवसा पुरा होतो आणि रात्री मोडतो. पडदा दोन पायऱ्या गडद किंवा दोन पायऱ्या फिका घ्यावा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

दोन_हात

उंबरठाताई, मी रंगकामात पुष्कळ वर्षे काढली आहेत. वरच्या दोघांनी शास्त्र नीट सांगितले आहे, त्यामुळे मी फक्त नमुना कसा बघावा आणि रंग लावताना काय सांभाळावे, एवढेच सांगतो. निवड बरोबर असूनही चुकीची वाटते, ती बहुतेक वेळा इथेच.

नमुना जुन्या भिंतीवर लावू नका. तुमची भिंत जांभळट आहे, त्यामुळे तिच्या मधोमध लावलेला कोणताही उबदार चौकोन आहे त्यापेक्षा पिवळा दिसेल, तुम्ही घाबरून त्याहून थंड छटा घ्याल आणि गाडी परत जांभळ्यावर येईल. त्याऐवजी दोन फूट लांब-रुंद अशा जाड पुठ्ठ्याच्या किंवा प्लायच्या फळ्या घ्या. त्यांना पांढरा प्रायमर मारा आणि प्रत्येकीला रंगाचे पूर्ण दोन हात द्या. एका हातात रंग कळत नाही. खालचा पांढरा त्यातून डोकावतो आणि छटा आहे त्यापेक्षा उजळ वाटते. ओला असताना तर मुळीच ठरवू नका. पाण्यात मिसळणारे इमल्शन डब्यात आणि भिंतीवर ओले असताना दुधट दिसते आणि वाळल्यावर थोडे गडद होते. पहिला हात मारून झाल्यावर घरमालक दारात उभे राहून म्हणतात की हा तो रंगच नव्हे. दुसरा हात वाळला की तेच तो रंग ओळखतात.

फळी जमिनीवर आडवी ठेवून बघू नका. भिंत उभी असते, तिच्यावर उजेड बाजूने येतो. फळी उभी करा, खालची कड फरशीला टेकवा, एक बाजू चौकटीला भिडवा, आणि मागची जुनी भिंत झाकण्यासाठी एक मोठा पांढरा कागद लावा. म्हणजे तिला तिचा खराच शेजार मिळेल. ती खिडकीसमोरच्या भिंतीला एकदा, खिडकीच्याच भिंतीला एकदा आणि सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात एकदा, अशी फिरवा. खिडकीच्या भिंतीवर तोच रंग दोन-तीन पायऱ्या गडद वाटेल, कारण त्या भिंतीवर उजेड थेट पडत नाही, समोरून परतून येतो. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला आणि रात्री दिवे लावून, असे निदान तीन दिवस बघा. त्यातला एक दिवस ढगाळ मिळाला तर उत्तम.

आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. एकाच रंगाच्या दोन फळ्या काटकोनात उभ्या करून त्यांचा कोपरा बनवा आणि आत डोकावून बघा. कोपऱ्यातला रंग दोन्ही फळ्यांवरच्या रंगापेक्षा दाट दिसेल. उजेड एका भिंतीवरून दुसरीवर आपटतो आणि प्रत्येक वेळी रंग थोडा अधिक पकडतो. समजा, भिंत लाल उजेड ८० टक्के परतवते आणि निळा ७० टक्के. एकदा आपटल्यावर प्रमाण ८० ला ७० असते, पण तीनदा आपटल्यावर ५१ ला ३४ होते. म्हणून कार्डावर जेमतेम जाणवणारी झाक चार भिंतींच्या आत उठून दिसते. बदामीच्या दोन छटांमध्ये मन अडकले, तर मी नेहमी फिकी घ्यायला सांगतो.

आता मॅट की चकाकी. चकाकी जितकी जास्त, तितकी भिंत पुसायला सोपी, पण लांबी (पुट्टी) भरताना राहिलेला प्रत्येक उंचवटा आणि खड्डा ती दाखवते, विशेषतः खिडकीचा उजेड भिंतीला घासून जातो तिथे. मॅट दोष झाकतो आणि रंग सगळीकडून एकसारखा दिसतो; पुढे कुठे खरचटले तर तेवढ्याच जागी लावलेला रंग मिसळूनही जातो. बैठकीला आणि झोपण्याच्या खोल्यांना मॅट घ्या. पॅसेजमध्ये येता-जाता हात लागतात, तिथे मंद चकाकीचा सॅटिन किंवा त्याहून थोडी कमी चकाकी असलेला धुता येणारा प्रकार बरा. मात्र एकच छटा मॅटमध्ये आणि सॅटिनमध्ये सारखी दिसत नाही, त्यामुळे फळी ज्या प्रकाराची लावणार त्याच प्रकारात करा.

लांबी भरलेल्या जागा पॉलिश पेपरने घासून झाल्यावर संपूर्ण भिंतीला प्रायमर द्यायला हवा. तो टाळला तर लांबी रंग जास्त पिते आणि वाळल्यावर ठिगळे दिसतात. सौम्य रंगात ती ठिगळे झाकायला काहीच नसते. डब्यांचा हिशेब असा : चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीच्या भिंती दारे-खिडक्या धरून ४२ चौरस मीटर भरतात. एका लिटरमध्ये एका हाताचे साधारण दहा चौरस मीटर धरले, तर दोन हातांना आठ-नऊ लिटर लागतील, म्हणजे एकापेक्षा जास्त डबे येतील. ते सगळे आधी एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घ्यायला सांगा. एकाच क्रमांकाच्या दोन डब्यांतही केसभर फरक असू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो.

पायरी

एकच रंग सगळ्या घराला देण्याबाबत अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून माझा अनुभव सांगते. मी तेच केले आणि आज करणार नाही.

आमच्या घरात मी सगळीकडे एकच फार उजळ ऑफ व्हाइट दिला. मोठ्या खिडक्यांच्या खोलीत तो इतका प्रसन्न दिसतो की तिथे मला आजही तो बदलावासा वाटत नाही. खिडकी नसलेल्या पॅसेजमध्ये मात्र तोच रंग पहिल्या दिवसापासून मळलेला दिसला. ओल्या फडक्याने एक चौकोन पुसून पाहिला तेव्हा कळले की मळ नाहीच, तो पांढऱ्याचा अंधारात दिसणारा चेहरा आहे. अंधाऱ्या जागेला पांढरा रंग द्यावा म्हणजे ती उजळते, असे सगळे सांगतात, पण भिंत स्वतः उजेड निर्माण करत नाही, आलेला उजेड परतवते. रंगांच्या माहितीपत्रकात एलआरव्ही नावाचा आकडा असतो, तो शून्यापासून शंभरपर्यंत असून रंग किती प्रकाश परतवतो ते सांगतो. माझ्या ऑफ व्हाइटचा तो ८५ होता. पॅसेजमध्ये येणाऱ्या तुटपुंज्या उजेडाचे ८५ टक्के म्हणजेही तुटपुंजा उजेडच, आणि पांढऱ्याकडून आपली अपेक्षा जास्त असल्यामुळे तो अधिकच केविलवाणा दिसतो.

त्यामुळे उंबरठा यांनी पॅसेजसाठी वेगळा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. एक तर तिथे चांगले दिवे देऊन उजळ रंग ठेवावा, नाही तर सरळ ५० ते ६० च्या आसपासचा, अंगात उबदारपणा असलेला मध्यम रंग घ्यावा. मध्यम रंग अंधारात मळका वाटत नाही, तो ठरवून दिलेला वाटतो, आणि पॅसेजमधून खोलीत पाऊल टाकताना खोली आहे त्यापेक्षा उजळ भासते.

घराला एकसंधपणा हवा असेल तर रंग एक असण्याची गरज नाही, झाक एक असली तरी पुरते. दारात उभे राहिल्यावर दोन खोल्यांच्या भिंती एकदम दिसतात, त्या उंबऱ्यावर एक गुलाबीकडे आणि एक हिरव्याकडे झुकणारी असू नये, एवढे पाहिले की छटा गडद-फिक्या असल्या तरी खटकत नाहीत.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. कवडसा, मी आज जुन्या पट्टीचा तळ पाहिला. तिथे अगदी आपण म्हणालात तसाच निळसर जांभळा स्लेटी रंग होता, आणि हे आधी पाहिले असते तर तो रंग मी कधीच घेतला नसता. पांढऱ्या कागदावर आठ तुकडे मांडले, तेव्हा ज्यांना मी सारखेच समजत होते त्यांतले तीन उघडच गुलाबी निघाले.

एक शंका उरली आहे. छताला काय द्यावे? मागच्या वेळी झगझगीत पांढरा दिला होता आणि तो भिंतींपासून तुटल्यासारखा वाटतो.

दोन_हात

ताई, छतावर उजेड थेट पडत नाही, तो फरशीवरून आणि भिंतींवरून परतून वर जातो, म्हणून कोणताही रंग छतावर एक पायरी गडद दिसतो. तुमच्या पिवळसर फरशीचा उजेड वर जाईल, त्यामुळे छताचा पांढरा निळ्या झाकेचा घेऊ नका; भिंतीच्याच झाकेचा, अगदी पुसट उबदार पांढरा घ्या आणि तोही पूर्ण मॅट. भिंतीचाच रंग बनवताना त्यातल्या रंगद्रव्यांचे प्रमाण पाव करून घेता येते, तो मार्ग सर्वांत सोपा. आणि चौकटी पुढे कधी पांढऱ्या करायच्या झाल्या तर तेलाचा पांढरा टाळा. तो काही वर्षांत पिवळा पडतो, अंधाऱ्या जागी अधिकच लवकर, आणि मग भिंतीशी केलेली सगळी जुळणी बिघडते.

उंबरठा

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. आधी बैठकीतले दिवे बदलले, सगळे ३००० केल्विनचे आणि ९० सीआरआयचे घेतले. त्यानंतर चार फळ्या केल्या. दोन पहिल्याच दिवशी बाद झाल्या. त्यांतली एक चौकटीला भिडवल्याबरोबर हिरवी दिसली. तिसरी दिवसभर छान होती, पण तिन्हीसांजेला तिच्यात पुन्हा तो ओळखीचा जांभळेपणा जाणवला, अगदी थोडा, तरी पुरेसा. चौथी म्हणजे राखाडी आणि बदामी यांच्या मधली, पिवळ्या झाकेची, एलआरव्ही ७२ असलेली. ढगाळ दिवशी ती साधी राखाडी दिसते आणि दिव्याखाली ओल्या वाळूसारखी उबदार. फळ्यांचा कोपरा करून पाहिल्यावर ती थोडी दाट वाटली, म्हणून त्याच पट्टीवरची एक पायरी फिकी छटा घेतली.

बैठक परवा रंगवून झाली. काल संध्याकाळी दिवे न लावता मी मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसले आणि अंधार पडेपर्यंत भिंत पाहत राहिले. ती राखाडी होत होत काळोखात गेली, जांभळी झाली नाही. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खोल्यांना याच पट्टीतली आणखी उजळ छटा ठरली आहे. पॅसेजसाठी पायरी यांनी सांगितल्याप्रमाणे ५५ च्या जवळपासच्या दोन फळ्या केल्या आहेत. एक सॅटिनमध्ये, एक त्याहून कमी चकाकीत. त्या सध्या पॅसेजच्या टोकाला उभ्या आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणती घ्यायची हे रविवारी दिवे बसवून झाल्यावर ठरेल.